चोरीला फांशी

शहरांत घरफोड्या वाढल्या किंवा दंग्यांत गाड्या जळाल्या, कीं शिक्षा कडक करा, ही मागणी घरोघरीं ऐकूं येते. ती स्वाभाविक आहे. ज्याची जन्माची पुंजी गेली, त्यानें दयेचा उपदेश कां ऐकावा? परंतु इंग्लंडनें ही मागणी एकदां अगदीं शेवटच्या टोकापर्यंत नेऊन पाहिली होती. तो अनुभव आज सांगावयाचा आहे.

१६८८ च्या सुमारास त्या देशांत देहान्त शिक्षेचे अपराध सुमारें ५० होते. १८२० च्या सुमारास ते २०० च्या वर गेले. त्यांतील पुष्कळसे मालमत्तेविषयींचे होते. १६९९ च्या कायद्यानें दुकानांतून ५ शिलिंगांचा माल लांबविणारास फांशी ठरली. १७१३ च्या कायद्यानें राहत्या घरांतून ४० शिलिंगांची चोरी करणारास. पुढें तोंडाला काळें फांसून विंडसरच्या राजवनांत हरणें मारणाऱ्या टोळ्या माजल्या. त्या निमित्तानें १७२३ सालीं झालेल्या कायद्यानें दुसऱ्यानें लावलेलीं झाडें तोडणें, तळ्याचा बांध फोडणें, गुरें जायबंदी करणें, गवताची गंजी पेटविणें, हे सारे अपराध फांशीचे ठरविले.

परंतु कायदा जसजसा उग्र झाला, तसतसा तो अंमलांत येईनासा झाला. थोडक्या मालासाठीं कोणाचा जीव घेण्यास पंच धजत ना. घरांतून गेलेला माल कितीहि मोलाचा असो, ते शपथेवर त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवीत; आरोपी दोषी ठरे, पण जीव वांचे. ब्लॅकस्टोन या प्रसिद्ध कायदेपंडितानें याला पुण्यबुद्धीनें केलेला शपथभंग म्हटलें आहे. फिर्यादीहि मागें सरत. फांशीची शिक्षा झालेल्या पुष्कळांना ती माफ होऊन काळें पाणी मिळे. लंडनला संघटित पोलीसदल लाभलें तें १८२९ सालीं. तेव्हां चोराला फांशीपेक्षां सुटकेचीच आशा अधिक वाटे.

शाळेंत मला याचा लहानसा प्रत्यय आला होता. एखाद्याची कंपासपेटी नाहींशी झाली आणि मी छडीची धमकी दिली, कीं सारा वर्ग मुका होई. 'वस्तु परत कर आणि आठवडाभर फळा पूस,' असें म्हटलें, कीं संध्याकाळपर्यंत ती पेटी टेबलावर येई.

सर सॅम्युएल रोमिली यानें हेंच पार्लमेंटला परोपरीनें सांगितलें. १८०८ सालीं खिसेकापूची फांशी त्यानें रद्द करविली. १८१० सालीं दुकानांतील चोरीची फांशी उठविण्याचें त्याचें बिल मात्र लॉर्डांच्या सभेनें फेटाळलें; सरन्यायाधीश एलेनबरो विरुद्ध होता. परंतु १८११ सालीं कापड पांढरें करणारे कारखानदार स्वतःच फांशी काढा म्हणून अर्ज घेऊन आले. त्यांच्या मैदानांवरून कापड चोरीस जाई आणि फांशीच्या भयानें चोराला कोणी दोषी ठरवीत नसे! ज्यांच्या रक्षणासाठीं कायदा होता, तेच त्याला कंटाळले.

नासधुशीच्या बाबतींतहि तेंच घडलें. १८१२ च्या मार्चमध्यें विणकामाचीं यंत्रें मोडणारास फांशी ठरली. त्या बिलाविरुद्ध कवि बायरन लॉर्डांच्या सभेंत आपलें पहिलें भाषण करून चुकला होता. कायदा झाला, आणि पुढच्याच महिन्यांत यॉर्कशायरमध्यें रॉफोल्ड्सच्या गिरणीवर जमाव चालून गेला.

अखेर १८३२ सालीं घोडे, गुरें व मेंढ्या यांच्या चोरीची फांशीहि गेली. पुढें मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० सालीं हिंदुस्थानासाठीं दंडसंहिता झाली, तिनें साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंतच कैद ठेविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनें दोन्ही वाटा धरल्या आहेत : पुन्हां चोरी करणारास किमान १ ते कमाल ५ वर्षें सक्तमजुरी, उलट ५,००० रुपयांहून कमी मोलाची पहिलीच चोरी करून माल परत देणारास समाजसेवेची शिक्षा.

शिक्षा वाढवूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. मात्र ती मागतांना प्रत्येकानें स्वतःस एवढें विचारावें : उद्यां आपणच पंच म्हणून बसलों आणि समोर शेजारचा मुलगा उभा राहिला, तर हीच शिक्षा आपण शपथेवर देऊं काय? उत्तर नाहीं असेल, तर तो कायदा चोराच्याच उपयोगीं पडेल.