एडिंग्टन-पदक

ज्याच्या नांवानें पारितोषिक द्यावयाचें, त्यानेंच अमान्य केलेल्या मतांच्या पुरस्कर्त्यांस तें मिळावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विपरीत वाटेल. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या एडिंग्टन-पदकाच्या इतिहासांत असा योग दोनदां तरी आला आहे.

सर आर्थर एडिंग्टन हे केंब्रिजचे थोर ज्योतिर्विद. सूर्याजवळून येतांना ताऱ्यांचा प्रकाश वांकतो, हें आइन्स्टाइनचें भाकीत त्यांनीं १९१९ च्या खग्रास ग्रहणांत आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर जाऊन पडताळून पाहिलें. १९४४ सालीं ते निवर्तले. सैद्धांतिक खगोलभौतिकींतील संशोधनासाठीं त्यांच्या नांवें ठेवलेलें पदक १९५३ सालीं प्रथम दिलें गेलें, तें बेल्जियमचे धर्मगुरु व गणिती जॉर्ज लमेत्र यांस.

लमेत्र १९२३ मध्यें एडिंग्टन यांच्याच हाताखालीं शिकावयास आले होते. विश्व प्रसरण पावत आहे, असा निबंध त्यांनीं १९२७ सालीं ब्रसेल्सच्या एका नियतकालिकांत फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केला. गुरूकडे प्रतहि धाडली. ती दुर्लक्षित राहिली. १९३० सालीं शिष्यानें स्मरण देतांच एडिंग्टन यांनीं त्या निबंधाचें महत्त्व जगापुढें मांडलें, आणि १९३१ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर सोसायटीच्या मुखपत्रांत आलें. त्याच वर्षीं लमेत्र यांनीं विश्वाला आरंभ असला पाहिजे असें प्रतिपादिलें. ही कल्पना मात्र एडिंग्टन यांस रुचली नाहीं.

दुसरा प्रसंग अधिक कटु. ११ जानेवारी १९३५ रोजीं सोसायटीच्या सभेंत सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या चोवीस वर्षांच्या भारतीय तरुणानें आपलें गणित मांडलें. सूर्याच्या सुमारें १.४ पटीहून अधिक वस्तुमान असल्यास ताऱ्यास श्वेत बटूच्या अवस्थेंत स्थिर राहतां येत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष. पाठोपाठ एडिंग्टन उठले. मग तो तारा आकसतच जाईल आणि शेवटीं त्याचा प्रकाशहि बाहेर पडणार नाहीं. असला वेडगळ प्रकार निसर्ग घडूं देणार नाहीं, असें म्हणून त्यांनीं तो निष्कर्ष हास्यास्पद ठरविला. कांहीं वर्षांनीं चंद्रशेखर दुसऱ्या विषयाकडे वळले.

चाळीस वर्षें लोटलीं. १९७५ सालचें एडिंग्टन-पदक रॉजर पेनरोझ व स्टीफन हॉकिंग या दोघांस मिळालें. कोसळत्या ताऱ्याचें आकुंचन एका मर्यादेपलीकडे गेलें, किंवा विश्वाचें प्रसरण मागें मागें नेत त्याच्या आरंभाकडे गेलें, तर सापेक्षतावादाचें गणित जेथें कुंठित होतें अशी अवस्था अटळ आहे, हें त्यांनीं दाखविलें होतें. एडिंग्टन यांनीं झिडकारलेले ताऱ्याचा अंत व विश्वाचा आरंभ, हे दोन्ही विचार त्या एका संशोधनांत एकत्र आले.

चंद्रशेखर यांस १९८३ सालीं नोबेल पारितोषिक लाभलें. त्याच्या आदल्या वर्षीं एडिंग्टन यांची जन्मशताब्दी होती, आणि त्यानिमित्त केंब्रिजला व्याख्यानें दिलीं तीं चंद्रशेखर यांनींच. भरसभेंत आपला उपहास करणाऱ्या त्या पुरुषास त्यांनीं या व्याख्यानांच्या ग्रंथाच्या नांवांतच आपल्या काळचा सर्वांत थोर खगोलभौतिकज्ञ म्हटलें आहे.