गर्भाशयमुखाची पक्वता
गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत प्रसूतीच्या तयारीसाठी गर्भाशयमुख मऊ, आखूड व सैल होण्याची प्रक्रिया. बोलीत हिलाच ‘पिशवीचे तोंड उघडू लागले’ म्हणतात. पण उघडणे हा शेवटचा भाग झाला.

आधी येतो मऊपणा. एरवी नाकाच्या शेंड्यासारखे घट्ट लागणारे मुख ओठांसारखे मऊ होते. कोलॅजेनच्या तंतूंची वीण सैलावते, ऊतकातले पाणी वाढते. प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनांचा त्याला हातभार लागतो. मग ३-४ सेंमी लांबीचे हे मुख आखडत कागदासारखे पातळ होते. पहिलटकरणीत सहसा आधी पातळ होणे, मग उघडणे. पूर्वी बाळंत झालेल्या स्त्रीत दोन्ही बरोबरच चालते.

अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये ही पक्वता मोजण्यासाठी गुणपद्धती मांडली: मुखाचे उघडणे, पातळपणा, मऊपणा, दिशा आणि बाळाचे डोके किती खाली उतरले, मिळून १३ गुण. ८ वा अधिक गुण असले, तर औषधाने कळा आणणे बहुधा साधते.

प्रसूतीची तारीख मात्र यावरून सांगता येत नाही. २ सेंमी उघडलेल्या मुखानिशी काहीजणी आठवडा-दोन आठवडे घरात निवांत वावरतात. ३७ आठवड्यांपूर्वीच हे बदल दिसले, तर अकाली प्रसूतीची शक्यता तपासावी लागते.