दोन इंचांचा समाजवाद

आमच्या राजूरला रेल्वे नाही. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा स्लीपरने रात्रभर गेलो, तेव्हा पाठीखालच्या फोमकडे लक्षही गेलं नाही. तिथे पूर्वी नुसती लाकडी फळी असायची, हे खूप नंतर वाचलं. आणीबाणीत तुरुंग भोगून १९७७ साली रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवत्यांनी त्यावर दोन इंच फोम बसवायला घेतला. हे समाजवादी आपल्याच अहमदनगरात जन्मलेले, मुंबईत फिजिक्स शिकवणारे! वरच्यांचं काढून न घेता खालच्यांची पाठ सुखावणं, हा समाजवाद मला घोषणांपेक्षा जास्त पटतो.

कोकण रेल्वेसाठी ते वर्षानुवर्षं भांडले. १९९० मध्ये ते अर्थमंत्री असताना तिचं महामंडळ झालं. १९७१ पासून सलग पाचदा निवडून देणाऱ्या कोकणातल्या राजापूरने १९९१ मध्ये त्यांनाच पाडलं. गाडी पूर्ण मार्गावर धावली १९९८ मध्ये.