वाळूजची बिअर आणि नाथसागराचं पाणी

बिअरवर बोलणार म्हटल्यावर आज पहिल्या रांगेतल्या खुर्च्याही भरलेल्या दिसतात. कांटवर बोलायचो तेव्हा त्या रिकाम्या असत. असो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला बिअरचा एक कारखाना आतून पाहिला. 'आपल्या गावची बिअर' म्हणून आम्ही ती अनेक संध्याकाळी कौतुकानं प्यालो होतो. तेव्हा ती नेमकी आपल्या गावची कशी, हे पाहावं म्हटलं. आत शिरताच वास आला तो सातूच्या पिठाचा! त्यात नवल नाही, बार्ली म्हणजे सातूच. मोड आणून वाळवलेलं ते धान्य, म्हणजे माल्ट, इथं भरडतात, गरम पाण्यात मुरवतात, त्याचा गोड रस गाळून हॉप्सबरोबर उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. कौटिल्यानं 'मेदक' नावाच्या तांदळाच्या मद्याची कृती दिली आहे. तिथंही पाणी, धान्य आणि किण्व हीच त्रयी आहे. फरक स्टीलच्या टाक्यांचा.

पण सातू येतो राजस्थान-हरियाणाकडून, हॉप्स परदेशातून. कंपन्यांची मालकीही फिरती. फॉस्टर्सनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथं बिअर काढायला सुरुवात केली; २००६ मध्ये तो धंदा सॅबमिलरकडे गेला आणि २०१६ मध्ये सॅबमिलरच एबी इनबेव्हमध्ये विलीन झाली. युनायटेड ब्रुअरीजनं मात्र इथल्या कारखान्यांना अजंठा आणि एलोरा अशी नावं दिली आहेत. म्हणजे लेण्यांची नावं तरी आपली! मग राहतं काय? पाणी.

तिथंही गंमत आहे. पिल्सनचं पाणी मृदू, म्हणून १८४२ मध्ये तिथं ती सोनेरी बिअर जमली. बर्टनचं पाणी जिप्समनं जड, म्हणून तिथली पेल एल गाजली. आमचं दख्खनच्या काळ्या पाषाणातलं पाणी मात्र कारखान्यात आधी गाळून, क्षार काढून जवळजवळ कोरं करतात आणि मग हवे तेवढे क्षार पुन्हा घालतात. आम्हाला कारखाना दाखवणारे गृहस्थ अभिमानानं म्हणाले, "सर, इथली बाटली आणि दुसरीकडची बाटली, चवीत फरक सापडणार नाही." आम्हाला जरा वाईटच वाटलं.

आता इतिहास. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा इथं राज्य पुनर्रचनेनंतर लागू झाला. त्याच कायद्यामुळे दारू पिण्याचा परवाना आजही कागदोपत्री लागतो. (तुमच्यापैकी किती जणांकडे आहे, ते विचारत नाही.) जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये पूर्ण होऊन नाथसागर उभा राहिला. मागास भागातल्या उद्योगांना सवलती होत्या, १९८५ मध्ये बजाज ऑटो वाळूजला आली आणि वसाहत फुलली. बिअरवाले आले ते याच जमीन-सवलत-पाण्याच्या बेरजेवर.

ती बेरीज २०१६ च्या उन्हाळ्यात उघडी पडली. जायकवाडी मृतसाठ्यावर होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कापण्याचा आदेश दिला. आमच्या घरी तेव्हा नळाच्या दिवसाची वाट पाहत पिंपं भरून ठेवायची पद्धत होती. बिअर आम्ही त्या उन्हाळ्यात सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. घोट घशाखाली जाईना, एवढंच.

पण तेव्हाचा आमचा राग आज तपासला तर तो पुरता प्रामाणिक वाटत नाही. एक लिटर बिअरसाठी कारखान्यात साधारण चार-पाच लिटर पाणी जातं, यावर आम्ही तावातावानं बोललो. पण मराठवाड्यातला ऊस धरणांचं आणि विहिरींचं कितीतरी जास्त पाणी पितो, आणि आमच्या चहातली साखर आम्ही एक चमचाही कमी केली नाही. बिअरला चैन म्हणणं सोपं असतं, कारण ती फेसाळते, दिसते. साखर विरघळून जाते. तरीही न्यायालयाचा आदेश आम्हाला योग्यच वाटतो. पिण्याचं पाणी आधी, हा क्रम राज्याच्या जलनीतीतच लिहिलेला आहे. फक्त तो एकाच गिऱ्हाइकाला लावून थांबलो, हे खटकतं.

कारखान्याच्या मागच्या फाटकाशी पाहिलेलं एक दृश्य राहिलंच सांगायचं. माल्टचा ओला चोथा टेम्पोत भरून घेत होते, म्हशींच्या खुराकासाठी. टेम्पोवाल्याला आम्ही दुष्काळाच्या सालाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "सर, पाणी तुटलं की बिअर कमी, बिअर कमी की चोथा कमी. आमच्या म्हशीला कोण विचारतं?" यावर चर्चा करू, आता तुमचे प्रश्न घेऊ.