मायना आणि कळ

जुन्या मराठी पत्रांचे रुमाल सोडून बसले, की एक गोष्ट लवकर ध्यानात येते. आपल्या कारकुनाने सगळे कधीच लिहिले नाही. ‘राजमान्य राजेश्री’ असे पुरे न लिहिता त्याने ‘रा. रा.’ लिहिले, आणि ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ ह्या चार शब्दांची बोळवण ‘सा. न. वि. वि.’ ह्या चार अक्षरांत केली. दिवसाकाठी ढीगभर पत्रे हातावेगळी करणाऱ्या माणसाचा हा हिशेब होता. जे रोज तेच ते लिहावयाचे, त्यासाठी बोरू झिजवावयाचा कशाला? मोडी लिपी तरी दुसरे काय सांगते? लेखणी शक्य तितकी कमी उचलावी, हेच.

पण संक्षेप म्हणजे बेबंदपणा नव्हे. कोणास कोणता मायना लिहावयाचा, वडील कोण, बरोबरीचा कोण, ह्याचे नियम बांधलेले असत. यादवांचा करणाधिप हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, ह्याच्या नावावर जी मेस्तके सांगितली जातात, त्यांत अशा दरबारी लेखनाचे नमुने आहेत. नमुना एकदा ठरला, की कारकुनाने तो पाठ करावयाचा आणि प्रसंग येताच हातातून उतरवावयाचा. आज संगणकावर ज्यास ‘मॅक्रो’ म्हणतात, त्याचे बीज मला ह्या मायन्यात दिसते.

दोहोंत एक फरक मात्र मोठा आहे. ‘सा. न. वि. वि.’ लिहिणारा थोडक्यात लिही आणि वाचणारा ते मनात पुरे करी. म्हणजे श्रम दोघांत वाटले जात. मॅक्रोत लिहिणारा एक कळ दाबतो, यंत्र पूर्ण वाक्य उमटवते, आणि वाचणाऱ्यास वाटते की समोरच्याने ते अक्षर अक्षर लिहिले आहे.

मधला काळ टंकलेखन यंत्राचा. 1955 साली गोदरेजचे भारतीय बनावटीचे यंत्र आले, आणि पुढे कचेऱ्याकचेऱ्यांतून खडखडाट सुरू झाला. ह्या यंत्रावर एका दाबाला एकच खूण. कारकुनाच्या पाठांतराचा उपयोग बोटांना होई, यंत्राला नव्हे. शंभर नोटिसा काढावयाच्या तर मायना शंभर वेळा बडवावा लागे. ही अडचण साऱ्या जगाची होती. 1964 साली आय.बी.एम. कंपनीने चुंबकीय फितीवर मजकूर साठवून तो पुन्हा टंकणारे यंत्र काढले. संगणकाच्या आज्ञा लिहिणारे लोक तर 1950 नंतरच्या दशकातच अनेक आज्ञांच्या गाठोड्यास ‘मॅक्रो’ म्हणू लागले होते. 1976 साली अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील ह्यांनी ‘ईमॅक्स’ हा संपादक रचला, त्याच्या नावातच हा शब्द दडलेला आहे. त्यात कंस उघडण्याची खूण केली की नोंद सुरू, कंस मिटण्याची खूण केली की नोंद संपली, अशी सुटसुटीत योजना आहे.

आज ‘वर्ड’सारख्या साधनात रीत हीच आहे. नोंद सुरू करावी, मॅक्रोस नाव द्यावे, एखादी मोकळी कळजोडी नेमावी, काम एकदा नीट करून दाखवावे आणि नोंद थांबवावी. मोकळी हा शब्द महत्त्वाचा. जतन करण्याची नेहमीची कळजोडीच कोणी मॅक्रोला दिली, तर पुढे जतन करावयास जावे आणि भलतेच घडावे! नोंद चालू असताना वर्डमध्ये मजकूर माउसने निवडता येत नाही, तो कळांनीच निवडावा लागतो. आपल्या देवनागरीतही ह्या युक्तीचे एक भावंड आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 7 ची कळ दाबली, की क, हलन्त व ष अशी तीन चिन्हे एका दमात जाऊन ‘क्ष’ उमटतो.

परंतु यंत्र आपला हात लक्षात ठेवते, हेतू नव्हे. टंकलेली तारीख नोंदीत राहिली, तर यंदाच्या अर्जावर गेल्या वर्षीची तारीख निमूटपणे उमटेल. एक चूक नोंदली, की ती शंभर कागदांवर जाते. दुसऱ्याने लिहिलेला मॅक्रो तर त्याहून जपून उघडावा. 1999 सालच्या मार्च महिन्यात ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला होता.

पनवेलकरांस हा विषय परका नाही. 1852 सालची येथील नगरपालिका 2016 साली महानगरपालिका झाली. बोरूपासून संगणकापर्यंतची कारकुनी ह्या एका गावाने पाहिली आहे. ह्याच तालुक्यातील शिरढोणचा एक मुलगा पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून होता. आई आजारी असताना त्यास वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट हुकली. तो वासुदेव बळवंत फडके. 1883 साली एडनच्या तुरुंगात त्याने देह ठेवला. त्याच्या बंडाची कारणे अर्थात पुष्कळ मोठी होती. दुष्काळ होता, परसत्ता होती. पण कचेरीला जो नेहमीचा कागद वाटतो, तो लिहिणाऱ्याच्या जन्मातला एकच असू शकतो, एवढे ह्या हकीकतीवरून उमजावे.

म्हणून कळ वापरू नये असे मी म्हणणार नाही. मनगट दुखविण्यात पुण्य नाही, आणि वाचलेला वेळ हा खराच लाभ आहे. पण त्या वेळाचे करावयाचे काय? जुन्या पत्रात मायन्यानंतर मजकूर येई, आणि तो प्रत्येक वेळी नवा लिहावा लागे. मायन्यावर वाचलेली घटका त्या मजकुरावर खर्च व्हावी. समोरचा अर्ज पुरता वाचावा, आणि मग उत्तर लिहावे. मायना खुशाल कळीवर सोपवावा. मजकूर मात्र आपणच लिहावा.