पटावरचे मूल आणि पुस्तकातले मूल



कामगार संघटनेत वावरणाऱ्या माणसाने बालवाङ्मयावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझी शाळा अर्ध्यावर सुटली; पुढचे वाचन झाले ते पाळी संपल्यावर. पण हजेरीपट वाचण्याची विद्या मला संघटनेने शिकवली. ज्याचे नाव पटावर नाही, त्याने कितीही घाम गाळला तरी त्याचा पगार निघत नाही. शाळेत मात्र उलटाच प्रकार आढळतो. मूल पटावर असते, पण हातातल्या पुस्तकात ते कोठेच नसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत हे कसे घडले आणि ते कोणी बदलले, तेवढेच आज सांगणार आहे.

आरंभ 1920 च्या जानेवारीत झाला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी या मुलांसाठी ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक काढले. वाङ्मयीन बाजू जेसी फॉसेट या विदुषीने सांभाळली. अंकाची किंमत 15 सेंट. पुढे थोर कवी ठरलेल्या लँग्स्टन ह्यूज यांचे आरंभीचे लेखन येथेच छापले गेले. पण वर्गणीदार पुरेनात. 24 अंक निघाले आणि 1921 च्या डिसेंबरात मासिक बंद पडले.

1954 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. दरवाजे हळूहळू उघडू लागले. पुस्तके मात्र तीच राहिली. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारले, की पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का? नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी तो प्रश्न मनावर घेतला आणि सरळ मोजणी केली. 1962 ते 1964 या तीन वर्षांतली 5,206 बालपुस्तके. त्यांपैकी चित्रात वा मजकुरात एक तरी कृष्णवर्णीय माणूस असलेली 349, म्हणजे शेकडा 6.7. त्यांच्या चालू काळातल्या जीवनाची कथा सांगणारी पुस्तके तर शेकडा एकही नव्हती. हा लेख 1965 च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या शिक्षण कायद्याने शाळांच्या ग्रंथालयांना सरकारी पैसा मिळाला. दक्षिणेतले गिऱ्हाईक तुटेल म्हणून कचरणारे प्रकाशक आता हलू लागले. आकडा हातात, मागणी तोंडात आणि समोर पैसा! मालकाचे मन असेच वळते, हे आम्हां कामगारांना कोणी नव्याने सांगायला नको.

या काळातून जे वाङ्मय उभे राहिले, त्यातली एकच कादंबरी घेतो. मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ 1976 साली निघाली आणि 1977 साली तिला न्यूबेरी पदक मिळाले. स्थळ मिसिसिपी, साल 1933. सहा वर्षांचा पोर प्रथमच शाळेत येतो. पुस्तक मिळणार म्हणून हरखलेला असतो. हाती येते ते मळके, फाटके. आतल्या पानावर एक तक्ता: कोणत्या वर्षी, कोणत्या वर्णाच्या मुलाला, कोणत्या अवस्थेत दिले. आधी सारी गोरी मुले. पुस्तक अगदी जीर्ण झाल्यावर याची पाळी. पोर ते जमिनीवर फेकून तुडवते, आणि मार खाते. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती तक्त्यावर कागद चिकटवून टाकते. पुढे गुलामगिरीचा खरा इतिहास शिकवला म्हणून तिची नोकरी जाते.

आता हे पुस्तक वर्गात कसे शिकवावे? वर्षातून एक दिवस काढून, टाळ्या वाजवून ते मिटू नये. गोऱ्या मुलालाही विचारावे: तो तक्ता आखला कोणी? नवी पुस्तके कोणाच्या वाट्याला गेली? रूडीन सिम्स बिशप या विदुषींनी 1990 साली म्हटले, की पुस्तक हा मुलाचा आरसाही असतो आणि खिडकीही. ज्याला आजवर आरसाच मिळाला, त्याला खिडकीची गरज अधिक.

पण मिळवलेले आपोआप टिकत नाही. 1985 साली विस्कॉन्सिनच्या एका बालसाहित्य केंद्राने पुन्हा मोजले. त्या वर्षीच्या सुमारे 2,500 पुस्तकांत कृष्णवर्णीयांनी लिहिलेली वा चितारलेली फक्त 18! आणि 2021 नंतर तर अनेक ठिकाणी अशी पुस्तके शाळांतून काढा, अशा मागण्या वाढल्या. त्या शिक्षिकेची नोकरी का गेली, हे यावरून कळते.

हा इतिहास आपल्याला परका नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. त्याआधी, 1855 साली, त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा महारमांगांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला होता. पटावर नाव लागताच त्या मुलीने स्वतःला कागदावर आणले.

तेव्हा घरी गेल्यावर आपल्या मुलाचे वाचनाचे पुस्तक उघडा. त्याच्या वर्गातल्या सर्व मुलांची नावे एका कागदावर लिहा, आणि त्यांतली कितीजण पुस्तकात सापडतात ते मोजा. सुरुवात मोजण्यापासूनच होते.