नोटरी, हुंडी आणि कलम १३८

पुण्या-मुंबईत भाड्याने फ्लॅट शोधणाऱ्याला एजंटचं हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच: "रजिस्टर कशाला करता साहेब, नोटरी करून टाकू, अर्ध्या तासात काम!" हे 'नोटरी करणं' म्हणजे नक्की काय, हे बघायला दोन वीकांत मूळ कायदेच वाचत बसलो. (हो, मला दुसरे छंद नाहीत.)

तर मंडळी, सुरुवात होते व्यापाऱ्यांपासून. लंडनच्या व्यापाऱ्याने मुंबईच्या पेढीवर बिल काढलं आणि पेढीने पैसे द्यायला नकार दिला, तर लंडनला ते सिद्ध कसं करायचं? मग दोघांपैकी कोणाचाच नसलेला एक माणूस ते बिल घेऊन पेढीवर जाणार, रीतसर पैसे मागणार, आणि नकार, तारीख, कारण लिहून शिक्का मारणार. हा नोटरी. थोडक्यात, विश्वासू टाइमस्टॅम्प! वादळातून आलेल्या जहाजाचा कप्तानही त्याच्याकडेच जायचा, माल भिजला तो वादळामुळे, आमच्या हलगर्जीपणाने नाही, अशी नोंद करायला. नोटरीच्या कामांच्या यादीत हा जहाजाचा 'प्रोटेस्ट' आजही आहे.

इंग्लंडात नोटरी नेमण्याचा अधिकार आधी पोपकडे होता. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला, आणि त्यांचा 'मास्टर ऑफ फॅकल्टीज' हा अधिकारी पुढे हिंदुस्थानातल्या नोटरींनाही नेमू लागला. म्हणजे इथल्या शिक्क्याचं मूळ थेट चर्चमध्ये! १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये १८८५ साली दुरुस्ती झाली आणि हुंड्या-बिलांपुरते नोटरी नेमायचा अधिकार इथल्या सरकारला मिळाला. त्या कलमाचा नंबर १३८.

ओळखीचा वाटतोय ना? चेक बाउन्सचं कलम! झालं असं, की १९५२ चा नोटरी कायदा १४ फेब्रुवारी १९५६ ला लागू झाला आणि जुनं १३८ गेलं. नंबर रिकामा पडला. १ एप्रिल १९८९ पासून त्याच जागी चेकचं कलम आलं. जुना कोड डिलीट करून त्याच लाइनवर भलतंच फंक्शन लिहावं तसं.

आता नोटरी व्हायचं तर साधारणपणे दहा वर्षं वकिली हवी. स्त्रिया आणि अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्गीयांना सात. केंद्र किंवा राज्य सरकार पाच वर्षांचं सर्टिफिकेट देतं, पुढे रिन्यू करायचं. सही करणारा हाच माणूस, हे तो बघतो. शपथ देतो, खरी प्रत आणि भाषांतर प्रमाणित करतो, आणि सगळं रजिस्टरमध्ये नोंदवतो.

पण सही करणारा त्या खोलीचा मालक आहे का, हे तो तपासत नाही! आणि इथेच लोकांचे आयुष्यभराचे पैसे अडकतात. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकत घ्यायची तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर केलेल्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय. भाड्याचंही तेच. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ प्रमाणे करार नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि भांडण झालं, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरतात. (एजंटला हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.) स्टॅम्पपेपरवरची लग्नं आणि घटस्फोट तर विचारूच नका. नोटरींना तो अधिकार नाही, असं केंद्राच्या कायदा खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा बजावलं.

बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की मात्र चित्र बदलतं. १९५२ च्या कायद्याचे नोटरी गोव्यातही आहेत, पण पोर्तुगीज दिवाणी कायद्यातून आलेला दुसरा नोटरी तिथे अजून टिकून आहे. त्याला आता 'विशेष नोटरी' म्हणतात, आणि हे काम सरकारी सब-रजिस्ट्रारच करतो. तो शिक्का मारून मोकळा होत नाही. मृत्युपत्र त्याच्या स्वतःच्या वहीत लिहिलं जातं, वारस कोण याचं खत त्याच्यासमोर होतं, आणि लग्नानंतर मालमत्ता एकत्र नको असेल तर तसा करारही लग्नाआधी त्याच्यासमोरच करावा लागतो.